लेकरू रडतंय, म्हणजे सांगतंय

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आज मला दोन-अडीच वर्षांच्या लेकरांबद्दल बोलायचं आहे. या वयाचं मूल घरात असलं की दिवसातून दहा वेळा एक वाक्य आपल्या तोंडून निघतं, ‘रडू नको, काय पाहिजे ते नीट सांग!’ मीही ते हजारदा म्हटलं आहे, स्वतःच्या मुलांना आणि अंगणवाडीतल्या लेकरांनाही. त्यातली चूक माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या लेकराला नीट सांगता आलं असतं, तर ते रडलं कशाला असतं?

हिंगोली जिल्ह्यात मी अनेक वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून काम केलं. १ मे १९९९ रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला. बाहेरच्या माणसाला तो औंढा नागनाथाच्या देवळामुळे, संत नामदेवांच्या नर्सीमुळे, नाहीतर वसमतच्या हळदीमुळे ठाऊक असतो. आम्हाला तो ठाऊक आहे इथल्या वाड्या-तांड्यांमुळे. गावात मराठवाडी बोली, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी, एखाद्या मोहल्ल्यात दखनी, असं एकाच दिवसाच्या फेरीत तीन तऱ्हांचं बोलणं कानावर पडतं. वजन करणं, लसीकरणाच्या नोंदी तपासणं, आहाराचा हिशेब बघणं ही आमची रोजची कामं. लेकराचं वजन किती ग्रॅमनं वाढलं हे आम्ही लिहून ठेवायचो. ते गप्प का असतं, हे कुठं लिहायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

हे मला शिकवलं कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या लेकरानं. अडीच वर्षांचा मुलगा होता. अजून अंगणवाडीत बसायचं त्याचं वय नव्हतं, पण मोठ्या बहिणीच्या मागं मागं यायचा आणि ताई त्याला बसू द्यायच्या. दिवाळीनंतरच्या भेटीला मी गेले तर ताई म्हणाल्या, ‘‘मॅडम, ह्या पोराचं काय करावं? चावतंय. दोघांच्या हातावर वळ उठलेत.’’ मी त्याला जवळ ओढलं, डोळे वटारले आणि म्हटलं, ‘‘चावशील तर झोळीवाल्याला देऊन टाकीन.’’ तो एकदम गप्प झाला. मला वाटलं, काम झालं.

पुढच्या महिन्यात गेले तर तो चावत होताच, वर आता कुणाशी बोलतही नव्हता. दारात त्याची आजी बसली होती. मी तिला म्हटलं, ‘‘मावशी, लई हट्टी दिसतंय नातू.’’ ती म्हणाली, ‘‘पहिलं असं नव्हतं बाई.’’ हे मी ऐकलं आणि रजिस्टर उघडून पुढच्या कामाला लागले. खरं तर तिथंच थांबून ‘पहिलं म्हणजे कधी?’ असं विचारायला हवं होतं. या मुलाकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी या वयात लेकराच्या बोलण्याचं काय चाललेलं असतं, ते बघू.

साधारण वर्षाच्या आसपास मूल पहिला अर्थाचा शब्द बोलतं. दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांकडे पन्नासेक शब्द जमतात आणि दोन शब्द जोडता येतात, ‘आई ये’, ‘दूध नको’. तीन वर्षांचं मूल छोटी वाक्यं बोलतं आणि परक्या माणसालाही त्यातलं बरंचसं कळतं. कुणाचं थोडं आधी, कुणाचं थोडं नंतर. पण मुलाला जेवढं बोलता येतं त्याच्या कितीतरी पट त्याला समजत असतं. आपण दाराआड कुजबुजलो तरी ते कान देतं. घरात भांडण झालं की ते बावरतं. आतमध्ये एवढं सगळं भरलेलं, आणि बाहेर काढायला शब्द मोजके. शिवाय ते पन्नास शब्द कशाचे? आई, भाकर, पाणी, भूभू, चप्पल. दिसणाऱ्या, हातात येणाऱ्या वस्तूंचे. राग कुणाला दिसतो? भीती कुठं हातात धरता येते? त्यांची नावं लेकराला आपोआप सापडत नाहीत. ती मोठ्यांनीच द्यावी लागतात.

तोवर लेकरू हातपाय वापरतं. लोळण घेतं, ढकलतं, चावतं, वस्तू फेकतं, नाहीतर कोपऱ्यात जाऊन बसतं. आपण त्याला हट्ट म्हणतो. हट्ट असतोही कधीकधी, नाही असं नाही. पण रागाला आवर घालण्याचं काम मेंदूचा जो भाग करतो, तो सगळ्यात उशिरा, माणूस विशी ओलांडतो तेव्हा कुठं पुरता पक्व होतो. अडीच वर्षांच्या जिवाकडून आपण मोठ्या माणसाच्या संयमाची अपेक्षा करतो, ती कशी पुरी व्हावी?

मूल बोलायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याशी संवाद करत असतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. काही महिन्यांच्या बाळाशी आई हसत-बोलत खेळते. मग तिला सांगितलं जातं की थोडा वेळ चेहरा अगदी दगडासारखा ठेव, हसू नको, बोलू नको. बाळ काय करतं? आधी हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं. तरी आईचा चेहरा हलत नाही म्हटल्यावर ते अस्वस्थ होतं आणि शेवटी तोंड फिरवून घेतं. एवढ्या लहान बाळालाही आपल्या हाकेला ओ मिळते की नाही हे कळतं. हे वाचलं तेव्हा मला तांड्यावरचं ते गप्प झालेलं पोर आठवलं.

आता आपण मोठी माणसं काय करतो ते पाहा. मी सासर-माहेर, शहर-खेडं सगळीकडे हे पाहिलं आहे. पहिलं म्हणजे दाबणं, ‘गप बस, एक आवाज काढू नको.’ दुसरं भेव दाखवणं, ‘बागुलबुवा येईल, पोलीस धरून नेईल, डॉक्टर सुई टोचील.’ तिसरं लाजवणं, ‘मुलगा असून रडतो? बायकांसारखा?’ चौथं हसणं. बोबडं बोललं की पाहुण्यांसमोर तेच तेच बोलायला लावायचं आणि सगळ्यांनी खो खो हसायचं. आणि पाचवं अलीकडचं आहे, रडणाऱ्या हातात मोबाइल देणं. तो दिला की लेकरू गप्प बसतं, हे खरं. पण जे सांगायचं होतं ते तसंच आत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या आणि वर्ष-दीड वर्षाच्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर आणखी बरं.

मग करायचं काय? त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, पुस्तकंही लागत नाहीत. मी ताईंना आणि आयांना जे सांगत आले, तेच तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, खाली बसा. उभं राहून बोललं की लेकराला आपला चेहरा दिसत नाही, आवाज तेवढा वरून पडतो. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या.

दुसरी, जे दिसतंय त्याला नाव द्या. ‘बैल अंगावर आला म्हणून भ्यालास का?’ ‘ताईनं बाहुली घेतली, राग आला का तुला?’ ‘बाबा बाजारला गेले, तुला नेलं नाही, म्हणून रुसलीस होय माय?’ आपल्या मराठीत अशा शब्दांची काय कमी आहे? रुसणं वेगळं, चिडणं वेगळं, हिरमुसणं वेगळं. बावरणं, भेदरणं, लाजणं, कंटाळणं, खट्टू होणं. हे शब्द आजीच्या तोंडी रोज असतात. ते लेकराला उद्देशून, त्या त्या वेळी वापरले की त्याला कळतं, अच्छा, माझ्या पोटात जे काहीतरी होतंय त्याला हे म्हणतात. आपला अंदाज चुकला तरी बिघडत नाही. लेकरू मान हलवून ‘नाही’ म्हणेल. तेही सांगणंच झालं.

तिसरी, थांबा. विचारलं आणि लगेच आपणच उत्तर दिलं, असं करू नका. लहान मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. मनातल्या मनात पाच-सात अंक मोजा. आयांना हे सगळ्यात अवघड जातं, कारण चुलीवर दूध असतं, शेतावर जायची घाई असते. दिवसभर नाही जमणार, पण दिवसातून दोन-चार वेळा तरी थांबा.

चौथी, त्याच्या शब्दाला आपला एक शब्द जोडा. ते ‘गाडी’ म्हणालं तर ‘हो, लाल गाडी आली’ म्हणा. ते ‘नको’ म्हणालं तर ‘भात नको, भाकर पाहिजे का?’ असं विचारा. बोबडं बोललं तर चूक दाखवू नका, आपण तोच शब्द नीट उच्चारून पुढं चला.

पाचवी, भावनेला हो म्हणा, वागण्याला हद्द घाला. इथं बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. त्यांना वाटतं, म्हणजे मुलाला सगळं करू द्यायचं की काय? तसं नाही. ‘राग आला, ते बरोबर आहे. पण चावायचं नाही. राग आला की मला येऊन सांग, राग आला म्हणून.’ राग येणं हा गुन्हा नाही आणि चावणं चालणार नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगता येतात.

घरात भावनांबद्दल बोलल्यानं फरक पडतो का? ज्युडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत तीन वर्षांच्या मुलाशी राग, दुःख, आनंद याबद्दल जास्त बोलणं होत होतं, ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्यात पुढं होती, असं त्यात दिसलं. ज्याच्या स्वतःच्या दुखण्याला नाव मिळालं, त्याला दुसऱ्याचं दुखणंही ओळखू येतं, असा मी त्याचा अर्थ घेते.

आता भाषेचा मुद्दा. वर मी म्हटलं की नाव द्या. पण कोणत्या भाषेत? एकदा एका तांड्यावरच्या अंगणवाडीत एक चिमुरडी ‘बाटी, बाटी’ म्हणून रडत होती. नव्यानं आलेल्या मदतनीस बाईंनी तिच्या हातात वाटी दिली. तिनं ती फेकली. दुसरी दिली, तीही फेकली. गोरमाटीत बाटी म्हणजे भाकर. पोर भुकेनं रडत होतं आणि आपण म्हणत होतो, काय आगाऊ पोरगी आहे, वाट्या फेकते! त्या मुलीनं सांगितलं होतं, अगदी स्पष्ट सांगितलं होतं. ऐकणाऱ्याला भाषा येत नव्हती.

हा प्रश्न आजचा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या बोर्डी इथं काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथूनच आला. १९५७मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि वारली मुलांमध्ये राहून काम केलं. शिंपले, बिया, पानं, दगड अशा त्यांच्या परिसरातल्या वस्तूच त्यांनी शिकण्याचं साधन केल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. मला वाटतं, नावाबरोबर त्यामागचा विचारही ध्यानात ठेवायला हवा. मूल आपल्यापर्यंत येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचं, आणि अंगणात त्याची बोलीही आली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे. प्रमाण मराठी शिकायला पुढं सगळं आयुष्य पडलं आहे. पहिलं रडू, पहिली भीती मात्र घरच्या बोलीतच सांगितली जाते. म्हणून मी ताईंना म्हणायचे, तांड्यावर काम करायचं तर निदान वीस शब्द गोरमाटीचे शिका. भूक, तहान, दुखतंय, भ्यालो, आई पाहिजे.

आता त्या मुलाकडे परत येते. तिसऱ्या भेटीला मी पोचले आणि दारात बसले होते. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला. आवाज कानावर पडताच तो उठला, दाराकडे धावला, ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला आणि परत येऊन शेजारच्या मुलाच्या दंडाला चावला. या वेळी मी डोळे वटारले नाहीत. आजीला विचारलं, ‘‘मावशी, ह्याची आई कुठंय?’’ आजी म्हणाली, ‘‘ऊसतोडीला. दिवाळी झाली की दोघंबी गेले. रात्री निजला तवा गेले बाई, उगं रडू नये म्हणून.’’

दिवाळीनंतर आमच्याकडच्या कितीतरी वस्त्यांवर हेच होतं. उचल घेतलेली असते, मुकादमाची गाडी येते, आणि कोयते घेऊन नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. काही लेकरं फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात. लेकरू रडेल म्हणून त्याला झोपलेलं ठेवून निघायचं, ही माया असते, दुष्टपणा नाही. पण लेकराच्या बाजूनं बघा. रात्री आई होती, सकाळी नाही. कुणी काही बोलत नाही. ट्रॅक्टर तिला घेऊन गेला, एवढंच त्याला कुठूनतरी कळलेलं.

मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, ‘‘याडी गेली का रे?’’ गोरमाटीत आईला याडी म्हणतात. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, ‘‘याडी. टॅक्टर.’’ बस, दोनच शब्द. आजीनं पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, ‘‘याडी टॅक्टरमध्ये गेली. तुला लई आठवण येते. राग पण आला.’’ तो माझ्या मांडीवर येऊन बसला आणि रडला. मी ‘उगी उगी’ म्हटलं नाही. रडू दिलं.

त्यानंतर जादू झाली असं समजू नका. चावणं बंद व्हायला दीड-दोन महिने लागले. आम्ही काय केलं? ताईंनी मातीचा ट्रॅक्टर करून दिला. तो त्यात एक काडी बसवायचा, ती त्याची आई. ट्रॅक्टर लांब न्यायचा आणि परत आणायचा. आजी रोज निजताना सांगायची, याडी ऊस तोडायला गेली, काम झालं की येणार, संक्रांत होईल, होळी होईल, मग येणार. अडीच वर्षांच्या मुलाला महिने कळत नाहीत, पण ‘येणार’ कळतं. फोन आला की आधी त्याच्या कानाला लावायचा, असं ठरलं.

होळीनंतर आई आली. तो धावत गेला असेल असं तुम्हाला वाटेल. तो आजीच्या लुगड्यामागं लपला. आईचा जीव कासावीस झाला, ‘‘वळखलं नाही का रे मला?’’ म्हणाली. आजीनं तिला सांगितलं, ‘‘वळखलंय. रुसलंय ते.’’ मग नातवाला विचारलं, ‘‘राग आलाय ना तुला याडीचा?’’ त्यानं मान हलवली. संध्याकाळपर्यंत तो आईच्या मांडीवर होता. हे सगळं आजीनंच मला पुढच्या भेटीत सांगितलं. अक्षरओळख नसलेल्या बाईनं हे केलं, म्हणून मी म्हणते की हे कुणालाही जमतं.

म्हणून बाहेरगावी जाणाऱ्या माझ्या बहिणींना, भावांना एक विनंती. कामाला जाणं तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण लपून जाऊ नका. लेकराला उठवा, जवळ घ्या, सांगा की चाललो, अमक्या सणाला येणार, तोवर आजी सांभाळील. ते रडेल. रडू द्या. आई सांगून जाते आणि परत येते, एवढं त्याला कळलं तरी खूप. शहरात कामावर जाणाऱ्या आईनंही मागच्या दारानं न जाता हेच करावं.

आणखी एक, काळजीचं. दीड वर्ष झालं तरी मूल एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, नजरेला नजर देत नाही, येत होतं ते बोलणं बंद झालं, किंवा कान वाहतो, असं काही दिसलं तर ‘बोलेल सावकाश, ह्याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून सोडून देऊ नका. आधी कान तपासा. २०१३पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तिथं दाखवा, नाहीतर सरकारी दवाखान्यात न्या. लवकर कळलं तर उपाय सोपे असतात.

नर्सीच्या नामदेवांची बाळपणीची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नैवेद्य घेऊन गेलेलं लेकरू देवापुढं रडलं, हटून बसलं, जेवच म्हणालं. देवानं त्याला हट्टी म्हटलं नाही, असं ती कथा सांगते. आपल्याला देव व्हायची गरज नाही. आज संध्याकाळी घरातलं लेकरू रडायला लागलं, तर ‘गप बस’ म्हणण्याआधी खाली बसा, त्याच्याकडे बघा, आणि विचारा, ‘‘काय झालं रे राजा? भ्यालास, का रुसलास?’’ आणि उत्तर येईपर्यंत थोडं थांबा.